डोंगर थंड झाले

दुबईत ऋतू बदलला की आधी कानाला कळतं. नोव्हेंबरात एका सकाळी आई एसी बंद करते आणि कित्येक महिने घरात सतत चाललेली ती घरघर थांबते. पहिली काही मिनिटं घर रिकामं झाल्यासारखं वाटतं. मग बाल्कनीचं दार उघडतं, आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीत आजूबाजूला माणसं राहतात हे पुन्हा लक्षात येतं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मल्याळी शेजारणीची खोबरेल तेलातली फोडणी. खाली एक बाई मुलाला मराठीत वर बोलावते आणि मुलगा इंग्रजीत पाच मिनिटं मागून घेतो.

त्याच आठवड्यात कधीतरी इस्माईलभाईंचा व्हॉइस मेसेज येतो. दरवर्षी शब्द तेच. "वहिनी, सलाम. डोंगर थंड झाले. रविवारी यल्ला, निघू या." आई तो दोनदा ऐकते. मग चपलांच्या कपाटातून बूट काढते, बाल्कनीत नेऊन उलटे करते आणि तळव्यांवर टिचक्या मारते. गेल्या मोसमातले बारीक खडे खाली पडतात. ते ती फेकत नाही, तुळशीच्या कुंडीत टाकते.

या वर्षीही मेसेज आला. खडे पडताना बघत मी दाराशी उभी होते आणि मला तो पहिला हिवाळा आठवत होता.

तेव्हा मी एका प्रवास कंपनीत नुकतीच लागले होते. अजूनही तिथेच आहे. इंग्लंडमधल्या डेव्हन काउंटीत चालायला जाणाऱ्या लोकांसाठी माहिती लिहायची, हे माझं काम. तिथे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाणारी वाट आहे, मधली उजाड पठारं ओलांडून जाणारी. काही वाटा सरळ शेतकऱ्याच्या शेतातून जातात आणि त्याला त्या बंद करता येत नाहीत. पूर्वीपासून लोक चालत आले, म्हणून तो त्यांचा हक्क. कुंपण आलं की चढून पलीकडे जायला लाकडी पायऱ्या, खांबावर पिवळा बाण. लाल माती, दोन्ही बाजूंनी उंच हिरव्या झुडपांच्या भिंती, पाऊस. यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. काचेच्या इमारतीत बसून, दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघून, पायाखाली माती मऊ लागेल असं मी लिहायचे. मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.

आई मात्र विचारायची. संध्याकाळी भाजी निवडताना आज काय लिहिलंस म्हणायची. शेतातून जाणाऱ्या वाटेचं तिला फार नवल वाटलं होतं. त्या शेतकऱ्याला राग येत नाही का, असं तिने दोन-तीनदा विचारलं. ती सोलापूरकडची. शेताच्या बांधावरून काय काय होतं ते तिला माहीत होतं.

त्याच सुमारास आईच्या डोळ्यांचं कळलं. ती दाराच्या चौकटीला डाव्या खांद्याने धडकायची. ओट्यावरचा डावीकडचा पेला हमखास पाडायची. बाबा म्हणायचे, हिला आता काचेच्या वस्तूंचा राग यायला लागलाय. मॉलमध्ये बाजूने कुणी हात केला तर तिला दिसायचं नाही, आणि मिसेस कदम हल्ली ओळख देत नाहीत, असं एकीने आमच्या मंडळात बोलून दाखवलं. समोरचं तिला उत्तम दिसत होतं. सुईत दोरा एका झटक्यात जायचा. कमी होत होतं ते कडेचं.

डॉक्टरांकडे एक यंत्र होतं. त्यात डोकं घालून बसायचं, बारीक दिवा कुठेही चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बसून तो टक-टक आवाज ऐकत होते. आवाज येत होते, पण मध्ये फार मोठ्या जागा मोकळ्या जात होत्या. काचबिंदू. गेलंय ते परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. उरलंय ते थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करायचा. टिकेल का, याला त्यांनी इन्शाल्ला म्हटलं.

परतताना गाडीत आईने मला विचारलं, "तू लिहितेस त्या वाटांवर आपण जायचं का?"

बाबांनी व्हिसा, रजा, थंडी, सगळं एका दमात सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग इंग्लंड राहू दे, म्हणाली, इथे चालायला काय आहे? बाबा म्हणाले, मॉल आहेत. आई खिडकीतून बाहेर बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, इतकी वर्षं इथे राहिले आणि इथली जमीन पाहिली नाही. नुसत्या फरश्या पाहिल्या.

फरश्यांवरूनच बाबांना इस्माईलभाई आठवले असावेत. ते मूळचे मंडणगडकडचे, अजमानला त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. बाबा लग्नाआधी शारजात एका खोलीत सहा जणांत राहायचे, त्यातले एक हे. दर रविवारी गावाकडच्या दोन-चार माणसांना घेऊन ते रास अल खैमाच्या डोंगरात चालायला जातात, हे बाबांना ठाऊक होतं. आजवर त्यांनी त्याची थट्टाच केली होती. त्या संध्याकाळी त्यांनीच फोन लावला.

पहिल्या रविवारी अंधारात निघालो. आई पुढे बसली होती. एमिरेट्स रोडवर कामगारांच्या बसेस शेजारून जात होत्या, आत डोकी खिडक्यांना टेकलेली. मग इमारती संपल्या, मग वाळूही संपली, आणि उजेड होता होता समोर डोंगर आले. आतापर्यंत ते मी विमानातून पाहिले होते. वरून चुरगळलेल्या कागदासारखे दिसतात. खालून तसे अजिबात दिसत नाहीत. झाड नाही, गवत नाही, झाकायला काहीच नाही. दगडाचे थर एकावर एक सरळ वर गेलेले, आणि ते कुठे संपतात ते बघायला मान मागे टाकावी लागते. मला शाळेत हे सगळं शिकवलं होतं. कधीकाळी हा समुद्राचा तळ होता, वगैरे. शिकलेलं एकही वाक्य तिथे उपयोगाला आलं नाही.

आई गाडीतून उतरली आणि हळूहळू डोकं वर करत गेली. तिला एकदम दिसत नव्हतं ना. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ती जणू नजरेनेच चढली. "बाई गं," एवढंच म्हणाली.

इस्माईलभाईंनी तिला आधी बजावलं. "वहिनी, घाई नाय करायची. ह्यो डोंगर काय पळत नाय. आमचा मंडणगडचा असता तर पावसात थोडा खाली आला असता, ह्यो तेवढाही येत नाय."

वर एक गाव आहे, ते म्हणाले. सोडून दिलेलं. दगडी घरं अजून उभी आहेत. आईने विचारलं, मला जमेल? ते म्हणाले, आज नाय. मोसम संपायच्या आत. एप्रिल लागला की दगड तापतो, मग खलास.

तेवढंच आईने धरून ठेवलं. मोसम संपायच्या आत ते गाव. पुढच्या मोसमात डोळे किती असतील ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि आम्ही ते घरात कधी बोललो नाही.

चालायची आमची एक पद्धत बसली. इस्माईलभाई सगळ्यात पुढे, मग मी, माझ्या मागे आई. मी केशरी मोजे घालायचे आणि आई माझ्या टाचांवर नजर ठेवायची. मी पाय टाकला तिथेच तिने टाकायचा. पण टाचांवर नजर असली की तिला दुसरं काही दिसायचं नाही, म्हणून कडेचं मी सांगायचं. मी, जी ऑफिसात दिवसभर दहा वाक्यं बोलत नाही, ती तासन् तास मान न वळवता बोलत राहायचे. उजवीकडे खोल आहे. डावीकडे दगड पुढे आलाय, डोकं सांभाळ. खाली दोन गाढवं आहेत, एक आपल्याकडे बघतंय.

माझं मराठी तिथे अपुरं पडायचं. घरात वरण, भात, किल्ली, उशीर एवढ्यात भागतं. डोंगराला दुसरे शब्द लागतात. दगडात आत गेलेली जागा, जिथे उन्हात बकऱ्या बसतात, तिला काय म्हणायचं? मी वर्णन करायचे आणि मागून आई शब्द द्यायची. कपार. घसरडा बारीक दगड म्हणजे मुरूम. दोन डोंगरांमधली खाच म्हणजे खिंड. मी तिला दिसणारं देत होते आणि ती मला त्याचं नाव देत होती. असं करत आम्ही अर्धा डोंगर चढायचो.

एकदा मी काटेरी झाडाचं वर्णन केलं, बारीक पिवळट फळं आहेत म्हटलं, तर ती जागीच थांबली. झाडाजवळ गेली, फळ तोडून तोंडात टाकलं. "अगं, हे बोर आहे." इस्माईलभाई म्हणाले, इथे याला सिद्र म्हणतात. आई म्हणाली, म्हणू देत. आणि ओढणीच्या टोकात मूठभर बांधून घेतली. सबंध उतारभर ती एक-एक चघळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिला सांगू शकत नव्हते.

बाबाही यायचे, पण कुरकुरत, सगळ्यात शेवटी. रेंज शोधत. इस्माईलभाई त्यांना म्हणायचे, "कदम, तुझा फोन डोंगर चढला, तू कधी चढणार?"

फेब्रुवारीअखेर ते झालं. गावाच्या वाटेवर निम्म्याहून जास्त पुढे गेलो होतो. एका वळणाच्या जरा अलीकडे, वाटेपासून बाजूला, सावली होती. तिथे आई आणि मी टेकलो. मी पाणी पीत होते आणि आई बसल्या बसल्या दगड रचत होती. आधी मोठा, चपटा, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. तिच्या माहेरी डोंगरावरच्या देवीला जाताना बायका असेच दगड रचतात, स्वतःचं घर व्हावं म्हणून. तिने रचले, हात जोडले, आम्ही उठलो आणि वळणावरून पुढे गेलो.

पण या डोंगरात रचलेल्या दगडांचा अर्थ एकच असतो, वाट इकडे आहे. पाटी नाही, बाण नाही. इथे वर्षानुवर्षं चालणाऱ्यांनी रचलेले दगड हीच वाट. आईला ते ठाऊक नव्हतं. तिला दगडांची रास दिसायची, तेव्हा दर वेळी ती देवच समजून नमस्कार करायची. मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

खिंडीत पोहोचून आम्ही बाबांची वाट बघत बसलो. ते आले नाहीत. त्यांच्याबरोबर इस्माईलभाईंच्या गावाकडचे दोघं होते, तेही नाहीत. फोन लागत नव्हता. इस्माईलभाई आधी हसत होते, मग हसायचे थांबले आणि मागे गेले. आई आलेल्या वाटेकडे तोंड करून उभी राहिली आणि डोकं सारखं डावीकडून उजवीकडे फिरवत राहिली, कारण बाबा कुठूनही आले तरी तिला कडेचं दिसणार नव्हतं.

ते आले तेव्हा त्यांच्या पँटच्या गुडघ्यांना पांढरी माती होती. आईचे दगड बघून ते वाटेवरून बाजूला वळले होते, एका घळीत उतरले होते, आणि घळ सरळ कड्यावर जाऊन संपली होती. पुढे हवा. परत वर यायला त्यांना हातापायांवर चढावं लागलं. इस्माईलभाईंनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. म्हणाले, वहिनींनी नवऱ्याला दरीत घर बांधून दिलं.

घरी आल्यावर, बाबा बूट काढता काढता, खाली बघत म्हणाले, "बास आता. पुढच्या रविवारी कुणी जाणार नाही."

आईला वाटलं दगडांवरून रागावलेत. चुकलं माझं, म्हणाली, पुन्हा हात लावणार नाही. बाबा म्हणाले, दगडांचं नाही. मग त्यांनी दुसरा बूट काढला. त्या कड्यावर उभा राहिलो, ते म्हणाले, मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं, तरी मला खाली बसावं लागलं. आणि तू असल्या जागांवरून चालतेस. दर रविवारी. मी मागे फोन बघत असतो.

"म्हणूनच चालते," आई म्हणाली. "अहो, दिसतंय तोवर बघून घेऊ द्या ना मला. नंतर आहेच घरात बसणं."

त्या आठवड्यात मी ऑफिसात डेव्हनमधल्या एका पठाराबद्दल लिहीत होते, धुक्यात वाट कशी ओळखावी. लिहिताना मला जाणवलं की धुक्यात अडकलेला माणूस, ज्याला हातभर पुढचंच दिसतं, तो मी कधी डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. मी सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

रविवारी पहाटे उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. बाबा थर्मासमध्ये चहा ओतत होते. बूट घातलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, आईला उठव, ऊन चढायच्या आत निघायला हवं. त्या दिवशी ते सगळ्यात शेवटी चालले नाहीत. आईच्या मागे चालले, आणि अवघड जागा आली की तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरायचे. आई वैतागायची. "सोडा हो, मी काय बाजारला चाललेली शेळी आहे?" ते सोडायचे, आणि पुढच्या वळणावर पुन्हा धरायचे.

त्या वळणाआधी इस्माईलभाईंनी आम्हाला थांबवलं. आईचे दगड त्यांनी गेल्याच रविवारी पाडून टाकले होते. आता त्यांनी आईला वाटेवर, बरोबर वळणाच्या टोकाला उभं केलं आणि म्हणाले, आता रचा. इथून मागचा ढीग दिसतो आणि पुढचाही दिसतो, मध्ये कायच नाय. नियम तेवढाच. एकापाशी उभं राहिलं की दुसरा दिसला पाहिजे. आईने खाली बसून रचले. मी दगड आणून देत होते. रचून झाल्यावर तिने मान वळवून मागचा ढीग शोधला, मग पुढचा शोधला, दोन्ही मिळाले. यावेळीही तिने हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

आता आई दर मोसमात वाटेतले ढासळलेले ढीग नीट करत जाते. तिच्यामुळे आमचा चालायचा वेळ वाढतो आणि कुणाची तक्रार नसते. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी नवा आलेख दाखवला. काळा भाग थोडा आत सरकलाय. फार नाही, म्हणाले. पण थोडा म्हणजे किती, ते आम्हाला आलेखावरून कळत नाही, ते वाटेवरच कळेल. बहुतेक माझ्या टाचा तिला आता अजून जवळ लागतील. मी जास्त सावकाश चालेन. डेव्हनला जायचं अजून बोलतो अधूनमधून. बाबाच काढतात विषय.

पण त्या पहिल्या हिवाळ्यात, मार्चच्या त्या रविवारी, आम्ही गावात पोहोचलो.

आधी शेतं आली. डोंगराच्या माथ्यावर शेतं असतील असं मला वाटलं नव्हतं. दगडांच्या बुटक्या भिंती रचून, वाहून जाणारी माती अडवून केलेले लहान लहान तुकडे. पाऊस पडायचा तेवढ्यावर इथे गहू पिकायचा, इस्माईलभाई म्हणाले. मग घरं. जमिनीत निम्मी पुरलेली, जाड दगडाची, दार इतकं बुटकं की रांगत आत जावं लागेल. उन्हाळ्यात हे लोक खाली खजुराच्या बागांकडे जायचे आणि धान्य या घरांत कुलूपबंद करून ठेवायचे. एका दारातून मी टॉर्च मारला. आत मातीचा रांजण होता, पोटाशी दाराच्या दुप्पट रुंद. मी दाराकडे बघितलं, पुन्हा रांजणाकडे बघितलं. तो आत गेलाच कसा?

"गेला नाय," इस्माईलभाई म्हणाले. "आधी रांजण ठेवला. मग भोवती घर बांधलं."

आईने ते ऐकलं आणि दारात पालथी होऊन हात आत घातला. अंधारात तिला काहीच दिसत नाही. तळहात रांजणावर पोचला तशी ती तिथेच पडून राहिली, गाल उंबऱ्याच्या दगडावर. किती गार आहे गं, म्हणाली. धान्य आधी, माणसं नंतर. आमच्याकडेही असंच पाहिजे होतं.

गावाच्या टोकाला जमीन संपते. तिथून खालची दरी दिसते, तिच्या पलीकडे डोंगरांची एक रांग, तिच्यामागे दुसरी, प्रत्येक रांग अलीकडच्या रांगेपेक्षा फिकट, आणि अगदी डावीकडे, जिथे काहीच नसायला हवं तिथे, समुद्राची रेघ आणि तिच्यावर जहाजं. बाबांनी फोन काढला, फोटो घेतला. मीही घेतला. मग मी नेहमीप्रमाणे आईला सांगायला लागले, डावीकडे समुद्र आहे, त्याच्या अलीकडे...

"तू गप्प बस जरा," आई म्हणाली. "माझं मला बघू दे."

ती एका दगडावर बसली. डावीकडून सुरुवात केली. समुद्रापाशी नजर ठेवून थांबली, बराच वेळ. मग डोकं किंचित वळवलं आणि तिथे थांबली. पहिली रांग ती वरून खाली पाहायची, मग दरीचा तेवढाच पट्टा, मग दुसरी रांग. एका वेळी चौकटीएवढं. ते पूर्ण झालं की पुढचं. कुठे तिचे ओठ हलायचे, जणू तिथल्या कशाचं तरी नाव तिला आठवत होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि तिची नजर असेल तिथे बघायला लागले. तिथे एका कपारीत हिरवळीचा ठिपका होता. त्याच्या खाली पाण्याचा काळा ओघळ. ओघळाशेजारी, खूप खाली, दोन बकऱ्या. यातलं माझ्या फोटोत काही नव्हतं. मी तर सगळं पाहिलं होतं, एका नजरेत, आणि त्यात हे नव्हतं.

सावल्या लांबायला लागल्या. उजेड कमी झाला की आईला उतरणं कठीण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. इस्माईलभाईंनी निघू या म्हणून बाबांना हाताने खूण केली. बाबांनी आईकडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि जमिनीवर मांडी घालून बसले. मग इस्माईलभाईही बसले.

आई अजून निम्म्या दरीपर्यंतच आली होती.